झालं म्हणजे काय झालं?

“ताई, लेकीचं झालं का ओ?”

काकांनी एवढंच विचारलं होतं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचा दीड, आणि लातूरचं ऊन. चाकूरकडच्या एका खेड्यातून एसटीनं आलेले काका अभ्यासिकेच्या दारात उभे राहून उपरण्यानं मान पुसत होते. ही अभ्यासिका माझा मावसभाऊ चालवतो. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पत्र्याखाली ओळीनं मांडलेली टेबलं, दोन कूलर आणि त्यांच्या वाळ्याचा ओला वास. तिथल्या 38 मुलामुलींना एका खासगी विश्वस्त संस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. एकेक अर्ज पाच पानांचा. परीक्षा तोंडावर आलेली, मुलांचे दोन-दोन तास त्यात जायला नकोत, म्हणून मी म्हटलं की माझ्या लॅपटॉपवर एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेलं काम ब्राउझरमध्ये स्वतः करणाऱ्या प्रोग्रामकडून, भरून घेऊ. लॉगिन ज्याचं त्यानं माझ्याशेजारी बसून करायचं. माझं कामच या क्षेत्रातलं आहे. ब्राउझर आपोआप चालवणारी टूल्स आमची टीम बांधते, आणि त्या टूल्सचं डॉक्युमेंटेशन मी लिहिते, म्हणजे कुठलं टूल काय करतं, कसं वापरायचं, त्याचं वर्णन. पूर्वी ते माणसं वाचायची. गेली दोनेक वर्षं बरंचसं एजंटच वाचतात.

मी स्क्रीनवर पाहिलं. मुलीच्या नावापुढे नोंद होती, सक्सेस. “झालं काका,” मी म्हणाले. त्यांना बरं वाटलं. तांब्यातलं पाणी प्यायले, मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “कुनी भरला?” मी म्हटलं, एजंटनं. त्यांचा चेहरा एकदम सावध झाला. “एजंटानं? मग पावती घ्या बरं ताई. एजंटाचं काम पावतीबिगर खरं नसतंय.” मी हसून त्यांना समजावलं, की हा तहसीलच्या दारातला एजंट नाही, हा कॉम्प्युटरमधला आहे, पैसे घेत नाही, फसवत नाही. त्यांनी मान डोलावली आणि तीनच्या गाडीनं परत गेले. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली होती, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं.

नऊ दिवसांनी त्याच मुलीनं आपलं खातं उघडून पाहिलं. वडील रोज फोनवर पावती मागत होते म्हणून. अर्जाची स्थिती: मसुदा. तिनं शेजारणीला विचारलं, तिचंही तसंच. दहा मिनिटांत सगळ्या अभ्यासिकेला कळलं. 38 च्या 38 अर्ज भरलेले होते, नीट भरलेले होते, आणि एकही सादर झालेला नव्हता. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

त्या रात्री आम्ही अडीच वाजेपर्यंत बसलो. एकेका मुलानं यायचं, लॉगिन करायचं, शेवटच्या पानावरचं बटन माझ्यासमोर स्वतःच्या हातानं दाबायचं. मुलं मला एका शब्दानं बोलली नाहीत. उलट एकीनं चहा आणून दिला. पहिल्याच मुलानं बटन दाबलं तेव्हा पानाच्या बरोबर मधोमध एक छोटी खिडकी उघडली, “भरलेली माहिती अचूक आहे का? एकदा सादर केल्यावर बदल करता येणार नाही.” खाली दोन बटनं, ठीक आणि रद्द. मुलानं ठीक दाबलं, पावती क्रमांक आला. आमच्या एजंटला ही खिडकी कधी दिसलीच नव्हती.

ती खिडकी कुठं गेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आमचं टूल आतून प्लेराइट नावाच्या, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरवर उभं आहे. प्लेराइटचा एक नियम असा, की पानानं अशी होय-नाहीची खिडकी उघडली आणि ती हाताळायला कुणी नेमलेलं नसेल, तर ती परस्पर रद्द करायची. नियमात खोट काही नाही, आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. अशी खिडकी उघडली की तिला उत्तर मिळेपर्यंत अख्खं पान थिजून राहतं; साइट तपासायला रात्रभर चालणाऱ्या चाचण्या तिथंच अडकून बसू नयेत म्हणून ही सोय. आम्ही मात्र तो नियम पोटात घेऊन वर आमचं टूल बांधलं, त्याला सबमिट फॉर्म असं नाव दिलं, आणि त्याचं वर्णन मी इंग्रजीत एका ओळीत लिहिलं. त्या ओळीचा मराठीत अर्थ, “अर्ज सादर करतं.” प्रत्यक्षात ते टूल सांगितलेलं बटन दाबायचं आणि दाबता आलं की सक्सेस म्हणून मोकळं व्हायचं. एजंटनं माझं वाक्य वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि मला सांगितलं, झालं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि काकांना सांगितलं, झालं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि तरीही एक माणूस दिवसाची मजुरी बुडवून खोटी बातमी घेऊन घरी गेला होता.

ते वाक्य मी साधारण मिनिटभरात लिहिलं असेल.

मला त्या दिवसांत आजोबा फार आठवले. आमचं गाव औशाकडं. मला कळायला लागलं तेव्हा आबांची दृष्टी काचबिंदूनं जवळजवळ गेलेली होती. ओसरीवर बाजेवर बसलेले असायचे. पाऊल वाजलं की विचारायचे, “कोन हाय? काय करलालास?” घरात आईचा एकच कडक नियम होता: वस्तू हलवायला हरकत नाही, पण हलवली की आबांना सांगायचं. दाराजवळची घागर, ओसरीच्या कडेच्या चपला, कोपऱ्यातली काठी, सगळ्यांच्या जागा आबांच्या डोक्यात पक्क्या होत्या, आणि त्या भरवशावर ते न अडखळता न्हाणीपर्यंत जायचे. मी दहा वर्षांची असताना फळीवरची लोणच्याची बरणी काढायला स्टूल ओढलं आणि तसंच मधे ठेवून खेळायला पळाले. आबा त्यावर आदळले. गुडघा फुटला. आई मला मारायला धावली तर त्यांनीच तिला थांबवलं. मला जवळ ओढून म्हणाले, “हलवलंस त्याचं काय न्हाई गं. सांगितलं का न्हाईस?” धोतराला लागलेलं रक्त आणि त्यावर दाबलेल्या हळदीचा वास अजून नाकात आहे.

आणि आजीचं वाढणं. आबांपुढं ताट ठेवलं की ती कधी नुसतं “जेवा” म्हणायची नाही. “भाकर समोर. पिठलं उजव्या अंगाला. ठेचा वरल्या कडंला, लांब ठिवलाय. वाटीत वरण हाय, ऊन हाय, काठोकाठ भरलंय.” मग हात मागं घ्यायची. त्यात विशेषण एकही फालतू नसायचं. वाटी आहे हे सांगणं पुरेसं नव्हतं. ती गरम आहे आणि भरलेली आहे हे कळलं, की आबांचा हात आपोआप हळू व्हायचा. हे बोलणं आम्हाला इतकं सवयीचं होतं की त्यात काही कसब आहे असं कुणाला वाटलंच नाही.

एजंटला वेब पान कसं दिसतं ते पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा मला आजीचं ताट दिसलं होतं. अनेक टूल्स एजंटला पानाचं चित्र देतच नाहीत. देतात ती एक यादी: हे बटन, त्यावर “पुढे” लिहिलंय, सध्या बंद आहे, ही चौकट, तिचं नाव “आईचे नाव”, रिकामी आहे, ही निवड यादी, आत्ता “लातूर” निवडलंय. प्रत्येकापुढे एक खूण, ई-12, ई-13 अशी, म्हणजे एजंटला “ई-12 दाब” म्हणता येतं. ही यादी ब्राउझर पूर्वीपासूनच तयार करत आला आहे, अंध माणसांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी. त्यांच्यासाठी बांधलेल्या वाटेनंच आज एजंट चालतात. म्हणून ज्या अर्जात चौकटींना नावंच दिलेली नसतात, तिथं अंध विद्यार्थीही अडतो आणि एजंटही. दोघांना ऐकू येतं फक्त “चौकट, चौकट, चौकट”. डोळस माणसाला शेजारी छापलेलं “उत्पन्न” दिसतं, त्याचं भागतं.

त्या खुणांचंही आबांच्या घागरीसारखंच आहे. पानावर काही हललं की जुन्या खुणा भरवशाच्या राहत नाहीत. जिल्हा निवडला, तालुक्यांची यादी नव्यानं आली, की मघाचा ई-12 आता असेलच असं नाही. प्रत्येक हालचालीनंतर पान पुन्हा वाचायचं असतं. चाचण्या लिहिणाऱ्या अनुभवी माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही, त्यानं हा मार खाल्लेला असतो. एजंटला ती लिहून द्यावी लागते.

या सगळ्या टूल्सच्या जन्मकथेतच ही अडचण आहे असं मला वाटतं. जेसन हगिन्सनं सेलेनियम केलं 2004 साली, गूगलच्या क्रोम टीमचं पपेटिअर आलं 2017 मध्ये, ब्राउझर बाहेरून चालवण्याची वेबड्रायव्हर ही रीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झाली 2018 मध्ये, मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट 2020 चं. बहुतेकांचा मुख्य वापर एकच: आपणच बांधलेली साइट नीट चालते का ते तपासणं. वाचक असायचा त्या साइटवर काम करणारा इंजिनिअर. बटन दाबल्यावर पुढं काय व्हायला हवं हे त्याला आधीच ठाऊक, त्यामुळं डॉक्युमेंटेशनमध्ये “क्लिक: घटकावर क्लिक करतं” एवढं पुरायचं. एजंटला बहुतेक वेळा परक्या घरात धाडलेलं असतं. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल मांडला आणि एजंटच्या हाती टूल्स देण्याची एक समान रीत झाली. त्या रीतीत प्रत्येक टूलसोबत नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा साचा जातो. आमच्यासारख्या घरच्या टूलबद्दल एजंटला कळतं ते तेवढंच. एजंटमागच्या एआय मॉडेलनं प्लेराइटबद्दल शंभर ठिकाणी वाचलं असेल, पण आमच्या टूलच्या पोटात प्लेराइट आहे हे त्याला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं.

शिवाय माणूस बिचकतो. वर्णन अर्धवट वाटलं की तो शेजारच्याला विचारतो, एकदा करून बघतो, शंका आली तर थांबतो. एजंट परत विचारू शकत नाही असं नाही, पण त्याच्यापुढं ठाम वाक्य ठेवलं की विचारण्याचं कारणच उरत नाही. “अर्ज सादर करतं” या वाक्यात शंकेला जागा कुठं आहे?

मी घाबरून पहिल्यांदा केलं ते चुकीचं होतं. प्रत्येक टूलचं वर्णन दीड-दोन पानं करून टाकलं. सगळे अपवाद, सगळ्या सूचना, “कृपया लक्षात ठेवा” असली वाक्यं. वर्णनांचा प्रत्येक शब्द मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मर्यादित मजकुरातली जागा खातो, आणि महत्त्वाची ओळ बिनमहत्त्वाच्या दहा ओळींखाली गाडली जाते. एजंट जास्त गोंधळायला लागला. एकसारखी वाटणारी दोन टूल्स आलटून पालटून वापरायला लागला. आजीनं ठेच्यात मिरच्या किती घातल्या हे आबांना सांगितलं असतं, तर वाटी गरम आहे हे ऐकायचं राहून गेलं असतं.

मग एकेक अर्ज समोर ठेवून मी परत लिहायला बसले, आणि तेव्हा कळलं की बारीक गोष्टी कुठं लपलेल्या असतात. त्याच अर्जात नाव इंग्रजीत टाईप केलं की शेजारच्या चौकटीत ते मराठीत आपोआप उमटायचं. आमच्याकडं लिहिण्याची दोन टूल्स होती. एक मजकूर एकदम चौकटीत ठेवायचं, दुसरं एकेक अक्षर कळ दाबल्यासारखं टाईप करायचं. पहिल्यात कळ दाबल्याचा इशाराच पानाला मिळत नाही, आणि हे पान तर कळ सुटण्याची वाट पाहत बसलेलं. त्यामुळं पहिलं टूल वापरलं की इंग्रजी नाव बरोबर दिसायचं आणि मराठीची चौकट कोरी. भरताना एजंटनं सुदैवानं दुसरं टूल निवडलं होतं, पण ते त्याचं नशीब, माझ्या वर्णनांत दोन्हींपुढे एकच वाक्य होतं, “चौकटीत मजकूर भरतं.” आता पहिल्यापुढे लिहिलंय: मजकूर एकदम ठेवतं, जलद आहे, पण कळ दाबल्याचे इशारे देत नाही, टाईप करताना सूचना किंवा लिप्यंतर दाखवणाऱ्या चौकटींसाठी दुसरं टूल वापरा. दोनच ओळी, पण त्या लिहायला मला अर्धा दिवस लागला, कारण आधी ते मला स्वतःला समजून घ्यावं लागलं.

दुसरी गोष्ट जिल्ह्यांची. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. माणसांच्या तोंडी दोन्ही नावं आहेत, आणि वेगवेगळ्या अर्जांच्या याद्यांतही. तुळजापूरच्या एका मुलानं कागदावर धाराशिव लिहिलं होतं. यादीत होतं उस्मानाबाद. टूलनं उत्तर दिलं: पर्याय सापडला नाही. एजंटनं पुन्हा धाराशिव निवडून पाहिलं, पुन्हा तेच उत्तर, असं चार वेळा. एखाद्या कार्यालयाच्या खिडकीवर “कागद अपुरे आहेत” एवढंच सांगून कोणते ते न सांगता परत पाठवलेला माणूस मी मराठवाड्यात लहानपणापासून पाहत आले आहे. त्याच्यावर येणारी पाळी मी माझ्या टूलच्या उत्तरातून दुसऱ्या कुणावर आणत होते. आम्ही ते उत्तर बदललं. आता टूल सांगतं: “धाराशिव हा पर्याय यादीत नाही. यादीत आहेत: बीड, लातूर, नांदेड, उस्मानाबाद…” एवढं कळलं की एजंट स्वतः समजतो, आणि शंका असेल तर मुलाला विचारतो. एरर म्हणून जे परत येतं तेही डॉक्युमेंटेशनच असतं, आणि अडल्या वेळी वाचलं जाणारं तेच. इतकी वर्षं मी ते प्रोग्रामरांवर सोडून दिलं होतं, याची मला आता खंत वाटते.

आणि मूळ टूल. त्याचं वर्णन मी सहा वेळा लिहिलं. कितीही सुधारलं तरी नाव सबमिट फॉर्म राहत होतं, आणि ते नावच करत नसलेल्या कामाचं श्रेय घेत होतं. शेवटी सहकाऱ्याला म्हटलं, नाव बदलू. आता त्याचं नाव क्लिक बटन आहे. काम करून आल्यावर ते सक्सेस म्हणत नाही. म्हणतं: “बटन दाबलं. पान बदललेलं नाही. एक खिडकी उघडली आहे, तिचा मजकूर असा. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.” आणि वर्णनात एक ओळ आहे, की बटन दाबलं जाणं म्हणजे अर्ज सादर होणं नव्हे, पावती क्रमांक दिसल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचं कळवू नये. खिडकीला उत्तर देणारं वेगळं टूल आहे. ज्या खिडकीत “बदल करता येणार नाही” असं काही असेल, तिथं थांबून माणसाला विचारायचं, असंही लिहिलंय. ती ओळ कुणी काढून टाकू नये म्हणून मी भांडले आहे.

हे सगळं लिहिताना एक विचित्र गोष्ट झाली. पावतीचा आग्रह मी माझ्या क्षेत्रातल्या कुठल्या लेखातून शिकले नव्हते. ज्या माणसाला मी हसून समजावलं, त्यानंच तो मला दारात उभं राहून सांगितला होता. त्याचा एजंटांशी आयुष्यभराचा व्यवहार. सातबाऱ्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, पीक विम्यासाठी कुणाच्या तरी “झालं”वर विश्वास ठेवून परत गावी जायचं, आणि महिन्यानं कळायचं की काहीच झालेलं नाही. त्याला कळत होतं की काम केलं म्हणणारा आणि काम झाल्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडं दहा वर्षांचा अनुभव होता, आणि मला ते सुचलं नव्हतं. मला तेव्हा त्यांच्याकडं बघून हसू आलं होतं, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

जूनमध्ये ते परत आले. मृगाचा एक पाऊस होऊन गेला होता, पत्र्यावर अजून थेंब वाजत होते, आणि सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी त्यांनी दाराशी भिंतीला टेकवून ठेवली होती. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या टप्प्याची कागदपत्रं चढवायची होती. मुलगी माझ्याशेजारी बसली, तिनं लॉगिन केलं, एजंटनं एकेक कागद चढवला. काका मागं उभे होते.

“झालं का ओ, ताई?”

मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. “बटन दाबलंय काका. खिडकी उघडलीय, माहिती बरोबर आहे का विचारतेय. अजून झालेलं नाही.” त्यांनी बाकडं ओढलं आणि बसले. मुलीनं एकेक कागदाचं नाव वाचून पाहिलं, उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष दोनदा तपासलं, मग ठीक दाबायला सांगितलं. पान कोरं झालं, फिरत राहिलं. कूलरचा आवाज तेवढा येत होता. मग क्रमांक आला. काकांनी खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढलं, त्याची मागची बाजू मांडीवर सपाट केली, माझ्याकडून पेन घेतलं आणि म्हणाले, “सांगा. सावकाश सांगा.”